भाऊंचं ‘पाहुणा’ बटण

भाऊंना ‘नाही’ म्हणता येत नाही, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. ज्याला ठाऊक नसायची तो बहुधा त्याच सकाळी कामाला लागलेला असायचा, आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यालाही कळायचं, कारण तोवर तो भाऊंकडून काहीतरी घेऊन गेलेला असायचा.

कारखाना औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा. खोकल्याच्या औषधाचं ते झाकण असतं ना, दाबून फिरवायचं, जे लहान मुलांना उघडू नये म्हणून केलेलं असतं आणि घरातल्या म्हाताऱ्यांना उघडत नाही, मग शेवटी नातूच आजोबांना उघडून देतो, ते झाकण यांचं. मशीनच्या एका बाजूने प्लास्टिकचा दाणा आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने झाकणं टपटप बाहेर पडायची. दाणा, साचे, तेल, खोकी, हातमोजे, जे जे म्हणून बाहेरून यायचं ते भाऊंच्या सहीने यायचं, कारण भाऊ खरेदी खात्याचे प्रमुख. आता खरेदी खातं म्हणजे काय, तर दहा जणांना नाही म्हणून अकराव्याला हो म्हणायचं. आणि तिथे बसवला कोण, तर हा माणूस! भाऊ दहाच्या दहा जणांना हो म्हणायचे, आणि अकरावा आला नाही तर बरं आहे ना त्याचं, म्हणून चौकशी करायचे.

एकदा एक हातमोजेवाला आला. आवाज मऊ, चेहरा पडलेला, आई आजारी आहे म्हणाला. भाऊंनी त्याचा होता नव्हता तो सगळा माल घेतला. खोकी फोडल्यावर कळलं की सगळे मोजे डाव्या हाताचे. दुसऱ्या कुणी त्याला फाडून खाल्लं असतं. भाऊंनी फोन केला खरा, पण “आईची तब्येत काय म्हणते?” एवढं विचारून ठेवून दिला. पुढे कितीतरी दिवस मशीनवरची माणसं उजव्या हातात उलटा मोजा चढवून काम करत होती. तेव्हापासून त्यांना तोंडावर भाऊ आणि पाठीमागे होयबा म्हणायची पद्धत पडली.

पण एक सांगतो, माणूस लबाड नव्हता, आणि बिनकामाचाही नव्हता. भर दुपारी एखाद्या मशीनचा पट्टा तुटला, तर दुसऱ्या कारखान्याला आठवडाभर ‘बघतो, पाठवतो’ करणारा दुकानदार भाऊंचं नाव ऐकल्याबरोबर हातातला घास टाकून पट्टा घेऊन यायचा. लोक भाऊंच्या शब्दाखातर धावायचे. मालकीणबाईंना हे नेमकं ठाऊक होतं, म्हणून डाव्या हाताचे मोजे पोटात घालून त्यांनी भाऊंना ठेवलं होतं.

आणि मग शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यात ती भानगड झाली.

तिथे एसी दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. रोज कशाला हेलपाटा घालायचा, म्हणून तो घरबसल्या आपल्या कॉम्प्युटरवरून कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून एसी बघायचा. चोरांनी काय करावं? ते आधी त्या बापड्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि तिथून सरळ कारखान्यात. सकाळी लोक कामावर आले तर सगळ्या स्क्रीनला कुलूप आणि वर मजकूर, की पैसे टाका, मग किल्ली देतो. मशीनं ठप्प. कुणाची किती खोकी करायची तेच कुणाला ठाऊक नाही. तिथला मॅनेजर खडू घेऊन भिंतीवर हिशेब मांडत बसला होता, आणि हे प्रकरण इतकं लांबलं की त्याचं अक्षर सुधारलं, असं म्हणतात.

ही बातमी झाकणं घेणाऱ्या औषध कंपनीच्या कानावर गेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यातली निम्म्याहून जास्त झाकणं ही एकटी कंपनी घ्यायची. तिने कळवलं, की बाहेरच्या ज्या ज्या माणसाला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाऊल टाकता येतं, त्या प्रत्येकाला तपासा आणि नको ती दारं लावून घ्या. आमचा तपासनीस येईल. त्याला एक जरी परका आत सापडला, तर आम्ही आमची झाकणं दुसरीकडून घेऊ.

मालकीणबाईंनी भाऊंना बोलावलं. बाई कमी बोलायच्या, पण बोलायच्या ते मोजून.

“भाऊ, बाहेरचे किती जण आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरू शकतात?”

“आपलीच माणसं आहेत सगळी.”

“मी किती ते विचारलं.”

“बरीच,” भाऊ म्हणाले.

“त्यांना आत कुणी घेतलं?”

भाऊ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

“मग बाहेरही तुम्हीच काढा,” मालकीणबाई म्हणाल्या. “हे गिऱ्हाईक गेलं तर निम्मी मशीनं बंद पडतील. मशीनं बंद पडली तर खरेदी खात्याने खरेदी कशाची करायची, ते तुम्हीच मला सांगा.”

“हो,” भाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

मदतीला दिली पासवर्डबाई. ही कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग एकटी सांभाळायची. वयाने लहान, चालणं भरभर, जीभ तिखट. टेबलाटेबलावर जाऊन कीबोर्ड उलटा करून खाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवली आहे का ते बघायची, म्हणून हे नाव. तिने एक व्यवस्था करून दिली, आणि व्यवस्था खरंच छान होती. बाहेरच्यांची कायमची दारं सगळी बंद. एखादं मशीन बिघडलं आणि ते दुरुस्त करणाऱ्याला लांबून आत यायचंच असलं, तर भाऊंनी आपल्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढचं ‘पाहुणा’ हे बटण दाबायचं. त्या दिवसापुरतं दार उघडायचं आणि संध्याकाळी आपोआप लागायचं. पोरीने सगळा विचार केला होता, फक्त भाऊंचा केला नव्हता.

आधी दोघांनी मिळून बाहेरच्यांना भेटायला सुरुवात केली. विचारायचं होतं ते साधंच. तुमचा कॉम्प्युटर कोण कोण वापरतं? प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे का? एखादा नोकरी सोडून गेला तर त्याचं खातं बंद करता का? पण समोरच्या माणसाला असं तोंडावर विचारायचं म्हणजे भाऊंच्या जिवावर यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्यांचं चालायचं. वजनकाटेवाला आला, तर आधी मुलीचं शिक्षण झालं, मग घराचं गळणारं छत झालं, मग गुडघेदुखी झाली, आणि शेवटी भाऊ घाम पुसत म्हणाले, “ते आपलं, कॉम्प्युटर-बिम्प्युटर बरा आहे ना?”

“एकदम बरा.”

“झालं तर मग!” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

पासवर्डबाईने पेन चावून चावून त्याचं टोपण संपवलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच विचारायला लागली. कॉफी मशीनवाल्याला विचारलं, तर त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की कॉफीची पूड संपत आली की त्याला दुकानात बसल्या बसल्या कळतं, कारण त्याचं मशीन त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरांना जोडून ठेवलं आहे. पासवर्डबाईने बघितलं, तर त्या कॉफीच्या वाटेने सगळ्यांच्या पगारापर्यंत जाता येत होतं. तिने डोक्याला हात लावला.

“पण कॉफी एकदाही संपली नाही बघा,” भाऊ हळूच म्हणाले.

कॉफीवाल्याचं दार बंद झालं. तो जाताना पासवर्डबाईकडे बघेना, भाऊंकडेच बघत राहिला. “भाऊ, आमच्यावर संशय?” एवढंच म्हणाला. त्या दिवशी भाऊंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉफीवाल्याचा फोन आला. आजच्या दिवस द्या ना भाऊ. एक दिवस तर आहे, म्हणून भाऊंनी ‘पाहुणा’ दाबलं. मग वजनकाटेवाल्याचा आला, मग कॉम्प्रेसरवाल्याचा. हळूहळू भाऊंच्या मनात आलं, की भल्या माणसांना रोज उठून मागायला लावायचं हे काही बरं नाही, त्यांनाही ओशाळं वाटत असेल. तेव्हापासून ते सकाळी आले की पिशवी खुंटीला लावायचे, चष्मा पुसायचे आणि एकेका नावापुढे ‘पाहुणा’ दाबत जायचे. कुणी राहून जाऊ नये म्हणून पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे.

पासवर्डबाईला शंका आली. “भाऊ, आपली एवढी मशीनं रोजच्या रोज बिघडतात कशी?”

“जुनी झालीत गं.”

“कॉफीचं मशीन तर आत्ता आलंय!”

ती वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे आली आणि स्क्रीन बघून मटकन बाकावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! परका कुठून शिरतो म्हणून ही पोर दिवसदिवस तारा धुंडाळत होती, आणि इकडे खरेदी खात्यात दारं सताड उघडी. मग जे काही ती बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, “भीड भिकेची बहीण असते भाऊ, आणि तुमच्यामुळे सगळा कारखाना भिकेला लागेल.” भाऊंना मनापासून लाज वाटली. त्यांनी तिच्यासमोरच एकेक पाहुणा काढायला घेतला. तिचा फोन वाजला म्हणून ती उठून गेली, आणि परत येऊन तिने विचारलं, “सगळे काढले?”

“हो.”

सगळे काढले होते. एक सोडून.

तो एक म्हणजे मशीनडॉक्टर. झाकणं काढणाऱ्या मोठ्या मशीनांचा वैद्य, आणि भाऊंच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. मशीन कुरकुरलं की हा घरून आत शिरायचा, नाडी बघायचा आणि दुरुस्त करून बाहेर पडायचा. कामाला वाघ होता, त्यात वाद नाही. पण मानाला फार जपायचा. लहानसहान गोष्टीत त्याचा अपमान व्हायचा. फोन दोनदा वाजेपर्यंत उचलला नाही तरी व्हायचा.

पासवर्डबाई आणि भाऊ त्याच्या घरी जाऊन आले होते, तो प्रसंग तर विचारूच नका. ज्या कॉम्प्युटरवरून हा कारखान्यात शिरायचा तो घरातला एकुलता एक कॉम्प्युटर. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. समोर त्याचे सासरे बसून बुद्धिबळ खेळत होते, कुणा अनोळखी माणसाशी. त्यांचं झालं की मुलगी चित्रं रंगवणार होती, आणि तिच्यानंतर बायको कुठल्या कुठल्या फुकट साइटवरून भरतकामाचे नमुने उतरवून घेणार होती.

“या कॉम्प्युटरवरून तुम्ही आमच्या मशीनमध्ये शिरता?” पासवर्डबाईने विचारलं.

“शिरतो? अहो, नांदतो!”

“पासवर्ड काय ठेवलाय?”

“पासवर्ड कशाला? पोरीला उघडता आलं पाहिजे ना.”

पासवर्डबाईने शांतपणे सांगितलं, की कारखान्याच्या कामाला वेगळा कॉम्प्युटर ठेवा, ज्याला घरात दुसरं कुणी हात लावणार नाही. आत यायच्या आधी दर वेळी फोनवर येणारा आकडा टाका. हे होईपर्यंत मशीन बघायला स्वतः कारखान्यात या. मशीनडॉक्टर ऐकता ऐकता लाल होत गेला.

“प्रश्न कॉम्प्युटरचा नाही भावजी,” तो म्हणाला, “प्रश्न मानाचा आहे. उद्या तुम्ही माझे खिसे तपासाल! तुम्हीच सांगा आता. मी आत राहू की बाहेर जाऊ?”

सगळे भाऊंकडे बघायला लागले. सासऱ्यांनीसुद्धा स्क्रीनवरच्या घोड्याची चाल अर्धी सोडून मान वळवली.

“हो,” भाऊ म्हणाले.

कशाला हो म्हणाले ते कुणालाच कळलं नाही. मशीनडॉक्टरने आपल्याला हवं ते समजून घेतलं आणि पासवर्डबाईने तिला हवं ते. भाऊ मात्र घरी येईपर्यंत स्वतःशीच कुढत होते. आई-वडील लवकर गेले, तेव्हा वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, या भावाला वाढवलं होतं. त्याचे बूट पुसले होते, त्याचा अभ्यास घेतला होता, त्याच्यापायी शेजाऱ्यांशी भांडल्या होत्या. त्याला दार लावायचं म्हणजे आपल्याच घराचं दार आपल्यावर लावून घ्यायचं, असं भाऊंना वाटायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

जेवताना वहिनींनी विचारलंही, “त्याचा फोन आला होता. फुगलाय. कारखान्यात काही झालंय का?”

“नाही, कुठे काय!” भाऊ म्हणाले. हा एवढा ‘नाही’ मात्र त्यांना छान जमायचा.

तपासनीस यायचा दिवस उजाडला. भाऊंनी पिशवी खुंटीला लावली, चष्मा पुसला आणि एकाच नावापुढे ‘पाहुणा’ दाबलं. आजचा दिवस गेला की त्याला समजावून सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. असं ते रोजच ठरवत होते.

तपासनीस उंच, काटकुळा, इस्त्रीच्या कपड्यातला. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची घेऊन आला होता. भाऊंनी चहा विचारला, नको म्हणाला. कॉफी, नको. बिस्किट, नको. इतक्या सहज कुणी नको म्हणतं हे बघून भाऊ थक्कच झाले. पण बाकी सगळं सुरळीत चाललं होतं. त्याने विचारावं आणि पासवर्डबाईने फटाफट उत्तर द्यावं. मालकीणबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत होती.

मग सगळे मशीनवर आले. सगळ्यात मोठ्या मशीनसमोर तपासनीस थांबला. “या मशीनपर्यंत बाहेरून कुणाला पोहोचता येतं?”

“कुणालाही नाही,” पासवर्डबाई म्हणाली.

“सगळी दारं बंद आहेत?” त्याने भाऊंना विचारलं.

“हो.”

इकडे झालं होतं काय, की मशीनडॉक्टरच्या कानावर तपासणीची बातमी गेली होती. तो रागावलेला होता, पण मनाने माणूस प्रेमळ. भावजींची आज परीक्षा आहे, आपण गप्प कसं बसायचं? सासऱ्यांना बुद्धिबळावरून उठवून तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याने ठरवलं, की आज मशीन असं पळवून दाखवू, की तो तपासनीस बघतच राहील.

तो बघतच राहिला. मशीनच्या स्क्रीनवरचा बाण कुणीही हात न लावता हलला. तुरुतुरु चालत वेगाच्या आकड्यावर गेला आणि आकडा वाढला. मशीनचा आवाज चढला. टपटप पडणारी झाकणं धो धो पडायला लागली. आकडा आणखी वाढला. खालचं पिंप भरलं, झाकणं जमिनीवर घरंगळायला लागली, मग उडायला लागली. एक मालकीणबाईंच्या चष्म्यावर बसलं. एक नेमकं तपासनिसाच्या शर्टाच्या खिशात जाऊन पडलं. आणि या सगळ्या धुमाळीत स्क्रीनवर एकेक अक्षर उमटत गेलं:

भावजी काळजी करू नका मी आहे

मशीनवरच्या माणसाने धावत जाऊन लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. शेवटचं एक झाकण कुठेतरी लांब टुणटुण करत गेलं आणि शांत झालं. तपासनिसाने खिशातलं झाकण काढून नीट बघितलं, मग स्क्रीनवरचा मजकूर वाचला.

“हे भावजी कोण?”

सगळ्या माना भाऊंकडे वळल्या. तेवढ्यात स्क्रीनवर पुढची ओळ आली: थांबलं का? पुन्हा पळवू?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!

पासवर्डबाईने धावत जाऊन ते दार बंद केलं आणि मशीनडॉक्टरच्या नावाने कोण कधी आत आलं ते तपासायला बसली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. मशीनडॉक्टरच्या नावाने आणखीही कुणीतरी आत येत होतं. कुठल्या तरी लांबच्या ठिकाणाहून. काही मोडलं नव्हतं, काही नेलं नव्हतं. मशीनं कुठे आहेत, कुलपं कुठे आहेत, एवढं बघून जात होतं. चोर आधी घर बघून जातो, तसं.

सगळे मालकीणबाईंच्या खोलीत जमले. भाऊंना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही. ते चोर त्यांच्याच बटणाने आत आले होते. रोज सकाळी, चष्मा पुसून, आपणच त्यांना या म्हटलं होतं.

“मी लिहिणार होतो, की तुम्हाला बाहेरच्या माणसांपासून धोका आहे,” तपासनीस म्हणाला. “पण तुमचा खरा धोका तर तुमच्याच पगारावर काम करतोय.” मग पासवर्डबाईकडे बघून म्हणाला, की या मुलीचं काम चांगलं आहे, म्हणून मी पुन्हा एकदा येईन. एकदाच.

तो गेल्यावर भाऊ म्हणाले, “मी राजीनामा देतो.”

“बघा, स्वतःलासुद्धा नाही म्हणता येत नाही तुम्हाला,” मालकीणबाई म्हणाल्या. “राजीनामा नको. ते बटण आजपासून पासवर्डबाईकडे. पण तुमच्या मेहुण्याला सांगायचं तुम्ही. तिने दार लावलं, तर तो उद्या दुसऱ्या कुणाला तरी गळ घालून उघडून घेईल. तुमच्या तोंडून नाही ऐकलं तरच त्याला ते खरं वाटेल. तेवढंही जमलं नाही, तर मग राजीनामा.”

त्या संध्याकाळी भाऊंनी घरी सगळं सांगून टाकलं. झाकणं, चोर, मालकीणबाई, सगळं. वहिनी भाजी निवडता निवडता थांबल्या.

“आणि हे सगळं माझ्यासाठी?” त्यांनी विचारलं. “मला एकदा विचारायचं होतंत! लहानपणापासून त्याला नाही म्हणून म्हणून माझा घसा बसलाय. मी सांगितलं असतं, की लावा दार.”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“तुम्हाला कुणाचंच वाईट वाटायला नको असतं. कॉफीवाल्याचं नको, मोजेवाल्याचं नको.” वहिनींचा आवाज एकदम बदलला. “एक सांगू? आपण त्या छापखान्यात कामाला होतो, तेव्हा लग्नाचं मी विचारलं होतं तुम्हाला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही हो म्हणून मोकळे झालात. इतकी वर्षं झाली, मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, आणि मला अजून कळलेलं नाही, की तो हो तुम्ही मला म्हणालात, की जी विचारील तिला म्हणाला असतात.”

त्या उठून आत गेल्या. भाऊ निवडलेल्या भाजीकडे बघत बसून राहिले. त्यांना वाटलं होतं, बायको भावाची बाजू घेईल, रागावेल, अबोला धरेल. हे असलं काही त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच मशीनडॉक्टर आला. बसायलाही तयार नव्हता.

“भावजी, त्या पोरीने माझं दार बंद केलंय. मी तुमच्यासाठी करायला गेलो आणि हे फळ! ते काही नाही, उद्या सकाळी मला पुन्हा आत घ्या. घेताय ना?”

भाऊंनी ओठ उघडले. वर्षानुवर्षांच्या सवयीने ‘हो’ जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या.

“नाही,” भाऊ म्हणाले.

मशीनडॉक्टरला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. “मला उद्या आत घ्या म्हणतोय.”

“नाही घेणार. तुझ्या कॉम्प्युटरमधून चोर आमच्याकडे येत होते. तू आणलेस असं मी म्हणत नाही, पण ते तुझ्या घरातून आले. वेगळा कॉम्प्युटर घे, ती सांगते तसं सगळं कर, मग ये. तोवर मशीन बिघडलं तर स्वतः कारखान्यात ये, मी फाटकाशी घ्यायला येतो. पण घरून नाही.” भाऊंनी चष्मा काढून पुसला. “आणि अपमान झाला असेल तर झाला. माझा इलाज नाही.”

“ताई, ऐकतेस हे?”

“ऐकतेय,” वहिनी म्हणाल्या. “तूही ऐक.”

मशीनडॉक्टर दार आपटून निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ वाजत होती. भाऊ खुर्चीत बसले. छातीत असं धडधडत होतं, की या एका शब्दासाठी माणसाला डॉक्टरकडे जावं लागतं की काय!

वहिनींनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “आता सांगा. तेव्हा तो हो कुणाला होता?”

आणि भाऊंनी चटकन उत्तर दिलं नाही. ते विचार करत राहिले. पाण्याचा पेला हातात तसाच. वहिनींनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतोय हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता त्यांनाच भीती वाटायला लागली. उगाच विचारलं, असंही वाटून गेलं.

“तू म्हणालीस, ‘आपण लग्न करायचं का,’” भाऊ म्हणाले, “आणि श्वास घ्यायला थांबलीस. मला वाटलं, आता ही पुढे ‘की राहू दे’ म्हणणार. म्हणून घाईघाईने हो म्हणून टाकलं. तेवढा एक हो मी भिडेने नाही म्हटला. तू ते वाक्य पुरं करशील याची भीती वाटली होती.”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“म्हणणारच होते मी,” त्या म्हणाल्या. “‘की राहू दे’ असंच म्हणणार होते.” आणि त्या एकदम हसायला लागल्या, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि भाऊंना कळेना, की आता पाणी कुणी कुणाला द्यायचं.